शंकासमाधान : इंटरप्ट हँडलरमध्ये नमुने कुठे हरवतात?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे इंटरप्ट (हातातील काम थांबवून आपल्याकडे लक्ष द्यावे, असा उपकरणाने प्रोसेसरला दिलेला इशारा) हाताळणाऱ्या कोडमधील, म्हणजे हँडलरमधील, रेस कंडिशनविषयी (दोन वाटांनी एकाच वेळी एकाच माहितीला हात घातल्याने होणाऱ्या चुकांविषयी) आहेत. पहिल्या पत्रातील अडचण सर्वांत गुंतागुंतीची आहे, आणि तिच्यातील प्रत्येक पायरी ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) लिहिणाऱ्या इतरांच्याही वाट्याला येते. म्हणून त्या उत्तराला सर्वाधिक जागा दिली आहे.

प्रश्न : आमच्या लहान कारखान्यात कंपने मोजणारी उपकरणे तयार होतात. मोजमाप घेणारे कार्ड आम्हीच बनवले असून त्याचा लिनक्स ड्रायव्हर मी लिहिला आहे. कार्ड सेकंदाला १००० नमुने घेते व प्रत्येक नमुन्यागणिक एक इंटरप्ट देते. हँडलर तो नमुना वर्तुळाकार बफरमध्ये ठेवतो आणि 'शिल्लक' नावाचा आकडा एकाने वाढवतो. वरचा प्रोग्रॅम सेकंदातून १० वेळा 'रीड' करतो, दर वेळी १०० नमुने उचलतो आणि 'शिल्लक'मधून १०० वजा करतो. दिवसातून एक-दोनदा हा आकडा चुकतो. मी तो व्होलाटाइल केला, पण फरक पडला नाही. मग 'रीड'मध्ये वजाबाकीपुरते इंटरप्ट बंद केले, तेव्हा चूक कमी झाली, तरी गेली नाही. जी उरली तिच्यात बहुतेक वेळा जुनेच १०० नमुने पुन्हा येतात. शेवटी दोन्हीकडे स्पिनलॉक घातला, तर दोन दिवसांनी यंत्र पूर्ण गोठले. मध्यंतरी तपासासाठी कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये एक ओळ छापत होतो, त्या आठवड्यात काहीही बिघडले नाही. प्रोसेसर चार कोअरचा आहे. नेमके चुकते कुठे? — एक अभियंता, सांगली

उत्तर : आपण एकामागून एक केलेले उपाय आणि प्रत्येकानंतर दिसलेले लक्षण क्रमाने लिहून ठेवले, हे फार चांगले केले. चुकीचा सगळा माग त्या क्रमातच आहे.

प्रथम मूळ दोष पाहू. 'शिल्लकमधून १०० वजा कर' ही सी भाषेतील एक ओळ असली, तरी प्रोसेसरच्या दृष्टीने ती तीन कामे आहेत : मेमरीतील आकडा रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतील छोट्या जागेत) आणणे, त्यातून वजा करणे आणि उरलेला आकडा पुन्हा मेमरीत लिहिणे. समजा, शिल्लक १०० आहे. 'रीड'ने १०० हा आकडा उचलला, आणि तेवढ्यात त्याच कोअरवर इंटरप्ट आला. हँडलरने नवा नमुना बफरमध्ये ठेवला, शिल्लक १०१ केली आणि तो परतला. 'रीड'च्या हातात मात्र अजून मघाचे १०० आहेत. त्यातून १०० वजा करून तो शून्य लिहितो. बफरमध्ये एक नमुना पडलेला आहे आणि आकडा सांगतो की काहीच नाही. तेव्हापासून आपला प्रोग्रॅम कायमचा एका नमुन्याने मागे राहतो, आणि असे जितक्या वेळा घडेल तितका तो आणखी मागे पडत जातो.

व्होलाटाइलने हे थांबत नाही, कारण त्याचे काम वेगळे आहे. 'हा आकडा रजिस्टरमध्ये जपून ठेवू नको, दर वेळी मेमरीतूनच आण आणि मेमरीतच लिही,' एवढेच तो कंपायलरला बजावतो. आणणे, वजा करणे आणि लिहिणे ही तीन कामे मध्ये कोणालाही येऊ न देता करावीत, असे तो सांगत नाही.

दिवसातून एक-दोनदाच का, हेही हिशेबाने समजते. समजा, उचलणे आणि लिहिणे यांच्यातील फट २ नॅनोसेकंदांची आहे. सेकंदातून १० वेळा ती उघडते, म्हणजे दर सेकंदात २० नॅनोसेकंद धोक्याचे आहेत. सेकंदाला १००० इंटरप्ट येत असतील, तर त्यांतील एखादा नेमका त्या फटीत पडण्याची गाठ सरासरी ५०,००० सेकंदांतून एकदा, म्हणजे सुमारे १४ तासांतून एकदा जुळते. आपल्या यंत्रावर फटीची रुंदी वेगळी असेल, पण दिवसभर काम करणाऱ्या यंत्रात नॅनोसेकंदांची फटसुद्धा सापडल्याशिवाय राहत नाही, हे या आकड्यांवरून दिसते. लॉगमध्ये ओळ छापल्यावर चूक दिसेनाशी झाली याचा अर्थही येथेच आहे. छापण्याच्या कामाने फट बुजवली नाही, दोन्ही वाटांच्या वेळा एकमेकींपासून सरकवल्या. अशी ओळ कोडमध्ये ठेवून दिली, तर पुढे कोणीतरी ती अनावश्यक म्हणून काढून टाकील आणि त्याला हा दोष नव्याने शोधावा लागेल. म्हणून 'एवढे घातले की चालते' या टप्प्यावर कधीही थांबू नये, असे मी कळकळीने सांगेन.

आता दुसरा उपाय. 'रीड'मध्ये आपण इंटरप्ट बंद केले, ते फक्त त्या एका कोअरवर बंद झाले. उरलेल्या तीन कोअरना त्याची वार्ताही नसते, आणि कार्डाचा इंटरप्ट त्यांच्यापैकी कोणाकडेही जाऊ शकतो. सर्व प्रोसेसरांवरचे इंटरप्ट एकदम बंद करण्याची सोय लिनक्समध्ये पूर्वी होती. २००२ मध्ये २.५ या विकासशाखेत ती काढून टाकण्यात आली, कारण एका ड्रायव्हरसाठी अख्खे यंत्र थांबवणे ही फार महाग किंमत होती. जुन्या पुस्तकांत 'इंटरप्ट बंद करा, म्हणजे झाले' असे वाचायला मिळते, ते एका कोअरच्या काळातील आहे.

जुने १०० नमुने पुन्हा येतात, ही याची खरी साक्ष आहे. हँडलर दुसऱ्या कोअरवर चालू आहे. त्याने १०० उचलले, इकडे 'रीड'ने आपली वजाबाकी पुरी करून शून्य लिहिले, आणि मग हँडलरने आपल्या हातातील १०० मध्ये एक मिळवून १०१ लिहिले. 'रीड'ची वजाबाकी पुसली गेली. एकाच कोअरवर हे लक्षण दिसू शकत नाही, कारण तेथे हँडलर अर्ध्यावर थांबून 'रीड'ला वाट देत नाही. तो पुरा होतो आणि मगच 'रीड' पुढे सरकतो. एका कोअरवर नेहमी हँडलरची बेरीज हरवते, 'रीड'ची वजाबाकी कधीच नाही. म्हणून नमुना मागे राहिला की नमुने पुन्हा आले, एवढ्यावरून टक्कर कोणाकोणात झाली याचा अंदाज बांधता येतो.

तिसऱ्या उपायात आपण योग्य वस्तू उचललीत, पण तिचा चुकीचा प्रकार. स्पिनलॉक एका वेळी एकालाच मिळतो, आणि तो मागणारा लॉक मिळेपर्यंत जागच्या जागी फिरत राहतो. 'रीड'ने लॉक घेतला आणि तो हातात असताना त्याच कोअरवर इंटरप्ट आला, तर हँडलर त्याच लॉकसाठी फिरू लागतो. लॉक सोडायचा आहे 'रीड'ने, पण हँडलर संपल्याशिवाय 'रीड'ला कोअर मिळणार नाही, आणि लॉक मिळाल्याशिवाय हँडलर संपणार नाही. तो कोअर तेथेच अडकतो, आणि त्याच्यावर विसंबलेली इतर कामे हळूहळू थांबत जातात.

म्हणून 'रीड'मध्ये लॉक घेताना त्या कोअरवरचे इंटरप्ट बंद झाले पाहिजेत, आणि दुसऱ्या कोअरवरील हँडलरला लॉकने अडवले पाहिजे. ही दोन्ही कामे एकत्र करणारे कार्य 'स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह' हे आहे. सोडताना त्याचा जोडीदार 'स्पिन_अनलॉक_आयआरक्यूरिस्टोअर' वापरावा. हँडलरमध्ये साधा 'स्पिन_लॉक' पुरतो, कारण लिनक्स २.६.३५ पासून हार्डवेअर इंटरप्टचे हँडलर त्या कोअरवरचे इंटरप्ट बंद ठेवूनच चालतात. मात्र लॉक घेणारे तेच उपकार्य हँडलरमधूनही आणि बाहेरूनही बोलावले जात असेल, तर तेथे 'आयआरक्यूसेव्ह' प्रकारच ठेवावा.

हा बदल करताना एक नवी चूक होण्याचा संभव आहे. नमुने वापरकर्त्याच्या मेमरीत नेणारे 'कॉपी_टू_यूजर' लॉकच्या आत राहू देऊ नका. वापरकर्त्याचे ते पान त्या वेळी मेमरीत नसेल, तर कर्नलला ते आणेपर्यंत थांबावे लागते, आणि स्पिनलॉक हातात असताना झोपणे निषिद्ध आहे. लॉकमध्ये फक्त आकड्यांची हालचाल असावी. नमुने हलवण्याचे काम बाहेर व्हावे.

एवढ्याने आपला ड्रायव्हर बरोबर होईल. तरीही रचना आपल्याच हातात असल्यामुळे एक पाऊल पुढे जाण्याचा माझा आग्रह आहे. 'शिल्लक' हा आकडाच काढून टाका. त्याऐवजी दोन खुणा ठेवा : पुढचा नमुना कुठे लिहायचा ती 'अग्र' आणि पुढचा नमुना कुठून वाचायचा ती 'शेपूट'. 'अग्र' फक्त हँडलर बदलील, 'शेपूट' फक्त 'रीड' बदलील, आणि शिल्लक किती हे दोघांच्या वजाबाकीवरून गरजेपुरते काढले जाईल. एकाच आकड्यावर दोन लेखक होते म्हणून रेस होती; प्रत्येक आकड्याला एकच लेखक राहिला की ती फट उरतच नाही. पण क्रम पाळावा लागतो. नमुना बफरमध्ये पोहोचला आहे याची खात्री झाल्यावरच 'अग्र' पुढे गेलेले दुसऱ्या कोअरला दिसले पाहिजे. कंपायलर आणि प्रोसेसर दोघेही लेखनांचा क्रम बदलू शकतात, म्हणून 'अग्र' लिहिताना कर्नलमधील रिलीज पद्धतीचे लेखन (आधीची लेखने आधीच दिसतील याची हमी देणारे) आणि 'रीड'मध्ये ते वाचताना अक्वायर पद्धतीचे वाचन (पुढची वाचने त्यानंतरच होतील याची हमी देणारे) वापरा. 'शेपटी'साठी हेच उलट बाजूने करा. कर्नलमध्ये तयार असलेली 'केफिफो' ही रचना हेच करते. तिच्यात एकच लिहिणारा आणि एकच वाचणारा असेल, तर लॉक लागत नाही. दोन प्रोग्रॅम एकाच वेळी 'रीड' करण्याची शक्यता असेल, तर त्या दोघांपुरता एक म्यूटेक्स (वाट पाहणाऱ्याला झोपवणारा लॉक) ठेवा. हँडलर त्याला शिवणार नाही.

बफर भरला असता हँडलरने काय करावे, हेही आताच ठरवून ठेवा. सर्वांत जुना नमुना पुसून 'शेपूट' पुढे ढकलण्याचा मोह होतो, पण तसे केले की 'शेपटी'ला पुन्हा दोन लेखक झाले. नवा नमुना टाकून द्यावा आणि टाकलेल्यांची मोजणी वेगळ्या आकड्यात ठेवावी. कंपनांच्या मोजमापात खंड कुठे पडला हे कळणे अत्यंत महत्त्वाचे आहे.

दुरुस्ती झाल्यावर 'आठवडाभर चालले' हा पुरावा मानू नका. फटीच्या मध्ये मुद्दाम शंभर मायक्रोसेकंदांचा विलंब घालून पाहा. जुन्या कोडमध्ये दोष काही मिनिटांतच दिसायला हवा आणि नव्या कोडमध्ये त्याच विलंबाने काहीही बिघडता कामा नये. इंटरप्ट कोणत्या कोअरवर जावा हे '/प्रॉक/आयआरक्यू' खालील 'एसएमपी_ॲफिनिटी'त लिहून ठरवता येते. इंटरप्ट आणि प्रोग्रॅम एकाच कोअरवर बांधले, तर स्पिनलॉकमुळे होणारे गोठणे लवकर सापडते. वेगळ्या कोअरवर बांधले, तर पुन्हा येणारे नमुने सापडतात. शिवाय लॉकडेप हे लॉकचा वापर तपासणारे साधन चालू करून कर्नल बांधा. २००६ मध्ये २.६.१८ या आवृत्तीत आलेल्या या साधनाला प्रत्यक्ष गोठण्याची वाट पाहावी लागत नाही. हा लॉक एकदा इंटरप्टच्या आत घेतला गेला आणि एकदा इंटरप्ट चालू असताना बाहेर घेतला गेला, एवढे दिसले की ते इशारा देते. आपल्या तिसऱ्या उपायातील दोष त्याने पहिल्या काही सेकंदांतच दाखवला असता. 'शिल्लक'सारख्या लॉकविना वापरल्या जाणाऱ्या आकड्यांसाठी ५.८ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, केसीएसएएन हे रेस शोधणारे साधन उपलब्ध आहे. आकड्यावरचा व्होलाटाइल शब्द मात्र आधी काढून टाका, कारण अशा आकड्याची हाताळणी हेतुपुरस्सर केलेली आहे, असे ते साधन धरून चालते.

प्रश्न : आम्हाला अभ्यासक्रमात एमआयटीची एक्सव्ही६ ही शिकण्यासाठीची ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तिच्यात लॉक घेताना इंटरप्ट बंद होतात हे समजले, पण त्यासाठी थेट बंद-चालू न करता 'पुश_ऑफ' आणि 'पॉप_ऑफ' ही मोजणी ठेवणारी कार्ये का लिहिली आहेत? — अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. कर्नलने पहिला लॉक घेतला, इंटरप्ट बंद झाले. तो हातात असतानाच दुसरा लॉक घेतला आणि काम होताच सोडला. सोडणाऱ्या कार्याने सरळ इंटरप्ट चालू केले असते, तर पहिला लॉक अजून हातात असताना दार उघडे राहिले असते, आणि त्या लॉकची गरज असलेला हँडलर तेवढ्यात आला, तर वर सांगितलेले गोठणे आलेच. म्हणून प्रत्येक कोअरसाठी किती वेळा बंद केले याची मोजणी असते, आणि पहिल्यांदा बंद करण्याआधी इंटरप्ट चालू होते की नाही हेही टिपून ठेवलेले असते. मोजणी शून्यावर आली आणि मुळात ते चालू होते, तरच पुन्हा चालू होतात. लिनक्समधील 'सेव्ह' आणि 'रिस्टोअर' या शब्दांचा अर्थ हाच आहे : आधी जशी स्थिती होती तशी परत ठेवा, आपल्या मनाने चालू करू नका. जुन्या युनिक्समध्येही प्राधान्याची पातळी चढवणारी कार्ये होती आणि आधीची पातळी परत ठेवणारे कार्य वेगळे होते. हे शहाणपण खूप जुने आहे.

एक्सव्ही६ मध्ये याचे जिवंत उदाहरण घड्याळाचे आहे. टिक मोजणारा आकडा 'टिक्सलॉक'ने राखला आहे. झोपण्याची विनंती करणारी सिस्टिम कॉल तो लॉक घेऊन आकडा वाचते, आणि घड्याळाचा इंटरप्ट तोच लॉक घेऊन आकडा वाढवतो. लॉक घेणाऱ्या कार्यातून इंटरप्ट बंद करणारी ओळ काढून पाहा. क्यूईएमयू या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर चालवल्यावर काय होते, हे स्वतः अनुभवल्याने जे समजते ते वाचून समजत नाही. 'पुश_ऑफ'चे कोड वाचताना आणखी एक बारकावा शोधा : आपण कोणत्या कोअरवर आहोत हे ते इंटरप्ट बंद केल्यानंतरच विचारते. आधी विचारले असते, तर उत्तर मिळाल्यावर घड्याळाचा इंटरप्ट येऊन आपली प्रोसेस दुसऱ्या कोअरवर गेली असती आणि मोजणी भलत्याच कोअरच्या खात्यात जमा झाली असती. रेस टाळणाऱ्या कोडमध्येच एक रेस दबा धरून होती आणि लिहिणाऱ्यांनी ती ओळखली, हे मला फार शिकवणारे वाटते.

प्रश्न : शेतातील पंप नियंत्रित करण्यासाठी आर्डुइनो वापरतो. प्रवाहमापकाचे ठोके इंटरप्टमध्ये ३२ बिटांच्या आकड्यात मोजतो. कधीतरी एकदम दुपटीच्या आसपासचा आकडा दिसतो आणि पुढच्याच वाचनात तो बरोबर येतो. येथे तर एकच कोअर आहे. दुसरे असे की, बॅटरी वाचवण्यासाठी झोपवलेले यंत्र क्वचित ठोका येऊनही उठत नाही. — एक शेतकरी वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : आर्डुइनो उनोवरील एव्हीआर प्रोसेसर ८ बिटांचा आहे, त्यामुळे ३२ बिटांचा आकडा तो चार तुकड्यांत वाचतो. आकडा २५५ असताना सर्वांत खालचा बाइट वाचला, त्यात २५५ मिळाले. तेवढ्यात ठोका आला व आकडा २५६ झाला, म्हणजे खालचा बाइट ० आणि त्याच्या वरचा १. आता वरचा बाइट वाचला, त्यात १ मिळाला. दोन्ही जोडून हाती येतात ५११. असा आकडा कधीच अस्तित्वात नव्हता. तो दोन क्षणांच्या तुकड्यांनी बनलेला आहे. येथे कोणी चुकीचे लिहिलेले नसते, म्हणून पुढचे वाचन बरोबर येते. उपाय सोपा आहे : स्टेटस रजिस्टर (इंटरप्ट चालू आहेत की बंद याची नोंद असलेले) जपून ठेवा, इंटरप्ट बंद करा, चारही बाइट दुसऱ्या आकड्यात उतरवून घ्या, स्टेटस रजिस्टर जसेच्या तसे परत ठेवा, आणि पुढचे सगळे गणित त्या प्रतीवर करा. आर्डुइनोचे 'मिलिस' हे कार्य स्वतःही हेच करते. पंप बंद करण्याचा निर्णय या आकड्यावर अवलंबून असल्यामुळे ही दुरुस्ती लांबणीवर टाकू नये.

दुसरी अडचण मला अधिक रोचक वाटते. आपला कोड बहुधा 'ठोका आला आहे का ते पाहा. आला नसेल तर झोप' असा आहे. पाहणे आणि झोपणे यांच्या मध्ये ठोका आला, तर हँडलर खूण करून जातो, पण पाहून झालेले असल्यामुळे यंत्र झोपी जाते आणि पुढच्या ठोक्यापर्यंत उठत नाही. यासाठी इंटरप्ट बंद करून पाहावे, आणि झोपायचे ठरले तर इंटरप्ट चालू करण्याच्या सूचनेला लागूनच झोपण्याची सूचना द्यावी. एव्हीआरमध्ये इंटरप्ट चालू केल्यानंतरची एक सूचना, वाट पाहणारा इंटरप्ट हाताळण्याआधी, हमखास पार पडते. त्यामुळे ठोका आलेला असला, तर तो झोपेतून लगेच उठवतो. त्या दोन सूचनांच्या मध्ये दुसरे काहीही असता कामा नये. एक्स८६ प्रोसेसरवर इंटरप्ट चालू करणाऱ्या 'एसटीआय'ला लागून थांबवणारी 'एचएलटी' लिहितात ते याच कारणाने. एआरएम कॉर्टेक्स-एम वर मार्ग थोडा निराळा आहे : तेथे प्रायमास्क या रजिस्टरने इंटरप्ट अडवलेले असतानाही 'डब्ल्यूएफआय' ही इंटरप्टची वाट पाहत झोपण्याची सूचना आलेल्या इंटरप्टने जागी होते, म्हणून झोपून उठल्यावर मग ते चालू करता येतात.

सांगलीच्या वाचकांनीही येथे लक्ष द्यावे. बफर रिकामा असताना 'रीड'ला झोपवण्याचा कोड हाताने लिहिला असेल, तर त्यात हीच फट असते. कर्नलमधील 'वेट_इव्हेंट_इंटरप्टिबल' आधी प्रोसेसला रांगेत उभी करून झोपेची खूण करते आणि त्यानंतर अट तपासते, म्हणून मध्ये आलेली हाक हरवत नाही.

प्रश्न : आमच्या कार्डाचा इंटरप्ट एमएसआय पद्धतीचा (वेगळ्या तारेऐवजी संदेशाने येणारा) आहे. काही तासांनी इंटरप्ट येणेच थांबते, मात्र कार्डाच्या फिफोमध्ये (आधी आलेले आधी बाहेर देणाऱ्या साठ्यात) माहिती असते. — एक वाचक, बंगळुरू

उत्तर : एमएसआय हा वृत्तीने एज ट्रिगर असतो, म्हणजे घटना घडताना एकदा संदेश येतो, घटना तशीच प्रलंबित राहिली म्हणून तो पुन्हा येत नाही. आपला हँडलर आधी फिफो रिकामा करून मग कार्डाची इंटरप्टची खूण पुसत असेल, तर रिकामे होणे आणि पुसणे यांच्या मध्ये आलेल्या माहितीची खूणही पुसली जाते. फिफो रिकामा नाही म्हणून अनेक कार्डे नवी घटना नोंदवत नाहीत, आणि दोन्ही बाजू एकमेकींची वाट पाहत बसतात. आधी खूण पुसा, मग फिफो रिकामा करा. कधीतरी एखादा इंटरप्ट रिकाम्या फिफोवर येईल. तो निरुपद्रवी आहे. कार्डाच्या रचनेमुळे हा क्रम शक्य नसेल, तर खूण पुसल्यावर फिफो पुन्हा एकदा तपासून पाहणे भाग आहे.

प्रश्न : ड्रायव्हर काढताना कधीकधी कर्नल कोसळतो. हँडलरमध्ये लॉक व्यवस्थित आहेत. — एक वाचक, पुणे

उत्तर : ही रेस बफर मोकळा करणारे कोड आणि अजून चालू असलेला हँडलर यांच्यातील आहे, आणि लॉक तिला आवरू शकत नाही, कारण लॉक स्वतःच त्या मोकळ्या होणाऱ्या मेमरीत राहत असतो. येथे क्रम हाच उपाय आहे. प्रथम कार्डालाच इंटरप्ट देणे थांबवायला सांगा, आणि ती आज्ञा पीसीआय बसवर वाटेत रेंगाळू नये म्हणून कार्डाचे एखादे रजिस्टर वाचून घ्या. मग 'फ्री_आयआरक्यू' बोलवा. दुसऱ्या कोअरवर चालू असलेला हँडलर संपेपर्यंत ते थांबते. त्यानंतर हँडलरने मागे ठेवलेली टायमर व वर्कक्यूची (नंतर करायच्या कामांच्या रांगेतील) कामे रद्द करून तीही संपण्याची वाट पाहा. बफर सर्वांत शेवटी मोकळा करा. ही कामे स्वतः इंटरप्ट चालू करत असतील, तर ती तसे पुन्हा करणार नाहीत अशी खूण सुरुवातीलाच करावी लागेल.

दोन ठिकाणी विशेष जपा. 'फ्री_आयआरक्यू' किंवा 'डिसेबल_आयआरक्यू' बोलावताना हँडलरला लागणारा लॉक हातात ठेवू नका. ती कार्ये हँडलर संपण्याची वाट पाहतात आणि हँडलर आपल्या लॉकची. आणि 'डेव्हएम' प्रकारची आपोआप मोकळे करणारी कार्ये वापरली असतील, तर ती मागितल्याच्या उलट क्रमाने सोडली जातात हे ध्यानात घ्या. इंटरप्ट आधी मागितला आणि बफर नंतर, तर सोडताना बफर आधी जातो आणि हँडलर मागे जिवंत राहतो. माझा पहिला संशय तेथेच आहे. बफर आधी मागा, इंटरप्ट शेवटी. त्याने ड्रायव्हर चढवतानाची रेसही मिटेल, कारण इंटरप्टची मागणी मंजूर होताच, पुढची ओळ चालण्याआधीच, हँडलर बोलावला जाऊ शकतो, विशेषतः ती इंटरप्ट लाइन दुसऱ्या कार्डाबरोबर वाटून घेतलेली असेल तर. अशा वाटलेल्या लाइनवर ड्रायव्हर काढताना हँडलर मुद्दाम एकदा जास्त बोलावून पाहणारा तपासणीचा पर्याय कर्नलमध्ये आहे. कॉन्फिगरेशनमध्ये तो 'डीबग शेअर्ड आयआरक्यू हँडलर्स' या नावाने सापडेल. तो चालू ठेवून ड्रायव्हर शंभर वेळा चढवा आणि उतरवा.